फरकाची वही

आमच्या घरात एक वही होती. लांबट, लाल कापडी बांधणीची, दुकानदार उधारीला वापरतात तसली. तिच्यात उधारी नव्हती, घड्याळ होतं. अण्णा कळमनुरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मास्तर होते. मनगटावर एचएमटीचं 'जनता', किल्लीचं. सकाळी अंघोळ झाली की घड्याळाला किल्ली द्यायची, रेडिओवर परभणी केंद्र लावायचं, बातम्या देणाऱ्याचा पहिला शब्द कानावर पडला की सेकंदकाटा कुठं आहे ते बघायचं आणि वहीत मांडायचं. तारीख, पुढं की मागं, किती सेकंद. घड्याळाला मात्र हात लावायचा नाही.

लहानपणी मला हे काही केल्या पटायचं नाही. एकदा म्हणालो, "अण्णा, दोन मिनिटं मागं पडलंय, लावून टाका की."

"रोज लावलं तर ते कसं चालतंय हे कळणार कसं?" ते म्हणाले. "मग ते आपलं घड्याळ राहत नाही, रेडिओचं होतं. राहू दे तसंच. तू फरक मांड."

महिन्याच्या शेवटी ते वजाबाकी करायचे. कालचा फरक, आजचा फरक, मधली तफावत. एखाद्या महिन्यात घड्याळ रोज अकरा-बारा सेकंद मागं पडायचं आणि अण्णा त्यावर खूश असायचे. कारण ते सारखं अकरा-बाराच पडत होतं. ज्या महिन्यात एक दिवस तीन, दुसऱ्या दिवशी वीस, तिसऱ्या दिवशी उलटं पाच पुढं, असं व्हायचं, त्या महिन्यात घड्याळ तेलपाण्याला हिंगोलीला जायचं. घड्याळ चुकलं तरी चालेल, पण ते एकाच चालीनं चुकलं पाहिजे, हा त्यांचा हिशोब होता. फार पुढं, इलेक्ट्रॉनिक्सच्या नादाला लागल्यावर आणि वेळ मोजणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळांविषयी वाचू लागल्यावर मला कळलं, की जगाची वेळ जिथं ठरते तिथंही अशीच वही असते.

पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजनमापे कार्यालयात जगभरातल्या ८० च्या वर प्रयोगशाळांतल्या चारशेहून अधिक अणुघड्याळांचे आकडे येतात. त्यांची सरासरी काढून जागतिक वेळ ठरते, आणि पुढल्या महिन्यात एक तक्ता निघतो: कुठल्या देशाची वेळ त्या सरासरीपेक्षा किती नॅनोसेकंद पुढं, किती मागं. त्यात आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचीही ओळ असते, कारण भारतीय प्रमाणवेळ तिथली सीझियम घड्याळं आणि हायड्रोजन मेसर राखतात. खरी जागतिक वेळ कुठल्याच भिंतीवर टांगलेली नाही. ती कागदावर असते, महिना उलटल्यावर कळते, आणि कळते ती फरकाच्या रूपात.

अण्णांच्या वहीची आठवण इतक्या वर्षांनी उसळून येण्याचं कारण आमच्याच जिल्ह्यात घडतं आहे. हिंगोलीहून औंढा नागनाथ पंचवीसेक किलोमीटर. नागनाथाचं ज्योतिर्लिंग, विसोबा खेचरांचं गाव, नामदेवांना गुरू भेटले ती जागा. याच औंढ्याजवळ दुधाळा गावाच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. एकमेकींशी काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांतून लेसरचा किरण, टोकाला आरसे. दूर कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाश किंचित ताणतं-आकसतं, एक भुजा लांब होते, दुसरी आखूड. तो बदल प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पट लहान असतो. या सूक्ष्मपणाचं कौतुक सगळीकडं छापून आलं आहे. मला मात्र या वेधशाळेतलं घड्याळ जास्त जवळचं वाटतं, आणि त्याबद्दल आपल्याकडं फारसं कुणी लिहिलेलं नाही.

१४ सप्टेंबर २०१५, सोमवार. इकडं पोळा नुकताच झाला होता आणि गणपती बसायला तीन दिवस होते. भारतीय वेळेनुसार दुपारी ३ वाजून २० मिनिटं ४५ सेकंदांनी अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या लिव्हिंग्स्टन इथल्या वेधशाळेत एक लहर नोंदली गेली. वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला तीच लहर पोचली ७ मिलिसेकंदांनी उशिरा. माणसानं पकडलेली ही पहिली गुरुत्वीय लहर. दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर ३,००० किलोमीटर, प्रकाशाच्या वेगानं जायला १० मिलिसेकंद. लहर त्या रेषेतूनच आली असती तर फरक पूर्ण १० चा पडला असता, बाजूनं काटकोनात आली असती तर शून्य. पडला ७ चा. म्हणजे आकाशातल्या एका ठरावीक वर्तुळावर कुठंतरी ती घटना घडली होती. कुठंतरी म्हणजे किती मोठ्या जागेत? सुमारे ६०० चौरस अंश. पौर्णिमेचे तीनेक हजार चंद्र शेजारी शेजारी मांडले तर जेवढं आभाळ व्यापेल तेवढ्यात.

दोन वह्यांतला एक फरक यापेक्षा जास्त सांगू शकत नाही. तिसरी वही लागते, आणि ती जितकी दूर तितकं बरं. लिव्हिंग्स्टन ते औंढा हे अंतर मी अक्षांश-रेखांशांवरून काढून पाहिलं. पृथ्वीच्या पोटातून सरळ गेलं तर साधारण ११,५०० किलोमीटर. प्रकाशाला सुमारे ३८ मिलिसेकंद लागतात. आख्ख्या पृथ्वीचा व्यास ओलांडायला त्याला ४२ च्या आसपास लागतात, म्हणजे आपण जवळजवळ पाठीला पाठ लावून बसलो आहोत. १० मिलिसेकंदांच्या फूटपट्टीऐवजी ३८ ची फूटपट्टी हाती आली की दिशा कितीतरी नेमकी सांगता येते. इथली जमीन एरवी शांत आहे, मोठे कारखाने नाहीत, हे जागा निवडण्याचं कारण खरंच आहे. पण हिंगोलीसारखा जिल्हा जगाला हवा आहे तो मुळात या लांब पडण्यासाठी. दूर, आडवळणी, लांब पडतं अशी तक्रार आम्ही जन्मभर ऐकली. इथं लांब असणं हाच गुण ठरला, याचं मला मनापासून सुख आहे.

आता घड्याळ. लायगोच्या नियमाप्रमाणे प्रत्येक वेधशाळेची वेळ एका मायक्रोसेकंदाच्या आत बरोबर असली पाहिजे. सेकंदाचा दहा लाखावा भाग. त्यासाठी जीपीएसच्या उपग्रहांकडून दर सेकंदाला येणारा टोला घेतात आणि त्याला एक क्वार्ट्झचा स्फटिक बांधतात. हा स्फटिक छोट्या भट्टीत कायम एका तापमानाला ठेवलेला असतो. त्याची स्पंदनं सेकंदाला ६,७१,०८,८६४. तिथून प्रकाशतंतूंवरून ही लय सगळ्या खोल्यांत, सगळ्या यंत्रांत वाटली जाते. शेजारी वेगळं अणुघड्याळ ठेवून त्या दोघांतला फरक सतत नोंदवला जातो. दोन घड्याळं शेजारी, आणि फरकाची वही.

६,७१,०८,८६४ हा आकडा विचित्र वाटेल. २ ला २ ने गुणत गेलं की सव्विसाव्या पायरीवर तो येतो. आणि लहरीची नोंद साठवली जाते सेकंदाला १६,३८४ वेळा, ती चौदावी पायरी. आता तुमच्या मनगटावरचं, भिंतीवरचं, दोनशे रुपयांचं कुठलंही सेलवरचं घड्याळ घ्या. त्याच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी चकचकीत नळी असते. त्या नळीत चिमट्यासारखा दोन पायांचा क्वार्ट्झ असतो, आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. पंधरावी पायरी. तिला पंधरा वेळा निम्मं केलं की नेमका एक टोला उरतो आणि काटा एक घर पुढं सरकतो. ज्या लयीनं औंढ्यात विश्वाची थरथर टिपली जाईल, तिच्या नेमक्या दुप्पट लयीचा स्फटिक तुमच्या मनगटावर आत्ता चालू आहे. शाळेत मुलांपुढं जुनं घड्याळ उघडून ती नळी बोटाच्या टोकावर ठेवून दाखवली की वर्ग एकदम गप्प होतो.

हा स्फटिक आपल्या हवेत कसा वागतो ते बघण्यासारखं आहे. २५ अंश सेल्सिअसला तो सर्वांत जलद. तापमान वर गेलं की मागं पडतो, खाली गेलं तरी मागंच पडतो. किती, ते २५ पासूनच्या अंतराच्या वर्गाप्रमाणे. एका अंशाच्या वर्गाला सुमारे ०.०३४ दशलक्षांश. मे महिन्यात पत्र्याच्या घरात पारा ४४ वर गेला की हिशोब येतो बारा दशलक्षांशांचा. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे घड्याळ रोज एक सेकंद मागं. डिसेंबरच्या पहाटे १० अंश असतील त्या वेळी त्याची चाल दिवसाला साधारण दोन तृतीयांश सेकंदाइतकी मंद झालेली असते. आणि हातातलं घड्याळ भिंतीवरच्यापेक्षा नीट चालतं, कारण अंगाची ऊब त्याला थंडीतही उबदार ठेवते. मी दोन सारखी घड्याळं घेतली. एक पत्र्याखाली टांगलं, एक माजघरात मातीच्या भिंतीला. दर रविवारी फरक मांडला. उन्हाळाभर पत्र्याखालचं मागं मागं जात राहिलं आणि पहिला पाऊस पडल्यावर त्या वहीतली रेघ वळली. तापमापी न बघता मृगाची चाहूल सेकंदांत दिसली. असा आनंद पैशानं मिळत नाही.

फरक मांडायचा तर दुसरं टोक भरवशाचं लागतं. अण्णांना रेडिओ होता, आणि तो फार चांगला होता. परभणीची लहर हिंगोलीच्या साठेक किलोमीटर वाटेवर मिलिसेकंदाचा पाचवा भाग घेते, त्यांच्या कामाला तो शून्यच. आज तीच बातमी मोबाइलच्या अॅपवर ऐकली तर काही सेकंद उशिरा येते, आणि रोज वेगळ्या उशिरानं येते. यंत्र नवं झालं म्हणून वेळ नेमकी झाली असं नाही. मोबाइलवर आकड्यांत दिसणारी वेळ मात्र चांगली असते. दिल्लीची प्रयोगशाळा इंटरनेटवरून कुणालाही वेळ देते, आणि संगणक तिथं जोडला तर मिलिसेकंदांच्या घरात येतो.

त्याच्या पुढं जायचं तर छतावर जावं लागतं. पुण्याच्या तपकीर गल्लीत काही शे रुपयांना जीपीएसचं छोटं मॉड्यूल मिळतं, टपाल तिकिटाएवढं. अँटेना आभाळाकडं तोंड करून ठेवली की थोड्या वेळानं त्यावरचा दिवा दर सेकंदाला लुकलुकायला लागतो. हा लुकलुकाट साधा नाही. सेकंदाच्या सुरुवातीशी तो काही दशक नॅनोसेकंदांच्या आत जुळलेला असतो. वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या अणुघड्याळांची वेळ हिंगोलीच्या गच्चीवर काही शे रुपयांत उतरते. १९७५ साली हे कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

माझी पहिली फजिती इथंच झाली. एकाच गच्चीवर दोन वेगळ्या दुकानांतली दोन मॉड्यूलं लावली. दोघांचे दिवे अगदी एका क्षणी लुकलुकत होते, पण पडद्यावरची वेळ दोन सेकंदांनी वेगळी. मॉड्यूल बिघडलं असं धरून मी ते सोडवून ठेवलं आणि दुकानदाराला मनात बोल लावला. दोष त्याचा नव्हता. जीपीएसची स्वतःची वेळ १९८० पासून सलग चालत आलेली आहे, आपली वेळ मात्र पृथ्वीच्या संथ होत जाणाऱ्या फिरण्याशी जुळवायला अधूनमधून एक लीप सेकंद घालून थांबवली जाते. शेवटचा लीप सेकंद आपल्याकडं १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचच्या ठोक्याआधी घातला गेला, आणि दोहोंतला फरक १८ सेकंद झाला. माझ्या त्या मॉड्यूलच्या पोटात कारखान्यातून आलेला जुना आकडा होता, १६ चा. नवा आकडा उपग्रह सांगतात, पण ती माहिती साडेबारा मिनिटांच्या फेऱ्यात एकदा येते. मी दहाव्या मिनिटाला धीर सोडला होता. तेव्हापासून कुठलंही यंत्र चालू केलं की आधी अर्धा तास त्याला हात लावत नाही.

टोला मिळाला की मोजायचं काय? दोन टोल्यांच्या मधे कुठलाही स्फटिक किती वेळा थरथरतो ते. मुलं शिकायला वापरतात त्या छोट्या बोर्डावर सेकंदाला १ कोटी ६० लाख स्पंदनं लिहिलेली असतात. मोजल्यावर समजा १,६०,००,३२० आली, तर तो २० दशलक्षांश जलद आहे. त्यावर बोट टेकवा, आकडा हलतो. पंखा लावा, पुन्हा हलतो. पेन्सिलीनं लिहिलेल्या आकड्यात बोटाची ऊब दिसते. मग कळतं की लायगोचा स्फटिक भट्टीत का ठेवतात. तसे भट्टीतले स्फटिक जुन्या मोबाइल टॉवरांच्या भंगारात मुबलक निघतात, आणि हौशी माणसं तेच घेऊन घरी प्रयोग करतात. अँटेनाच्या तारेचाही हिशोब धरावा लागतो. दर मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद उशीर, दहा मीटर तार म्हणजे ५०. नॅनोसेकंदात प्रकाश वीतभर-दीडवीत जातो, हे एकदा डोक्यात बसलं की गच्चीवरून खोलीपर्यंत आलेली तारसुद्धा वेळ खाते हे दिसू लागतं.

हा नाद कुठवर जाऊ शकतो? अमेरिकेतल्या टॉम व्हॅन बाक नावाच्या हौशी माणसानं २००५ साली तीन सीझियम घड्याळं गाडीत घातली, मुलांना बरोबर घेतलं आणि माउंट रेनियर या डोंगरावर सुमारे दोन दिवस मुक्काम केला. उंचीवर गुरुत्वाकर्षण किंचित कमी, म्हणून तिथं वेळ किंचित जलद चालते, हे आइन्स्टाइनचं म्हणणं. खाली आल्यावर घरी ठेवलेल्या घड्याळांशी फरक मांडला. डोंगरावरची घड्याळं सुमारे २२ नॅनोसेकंद पुढं गेली होती, सिद्धान्त सांगतो तेवढीच. घरातल्या माणसांनी, सुटीच्या दिवसांत, सापेक्षता मोजली. मला या प्रयोगातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती घरी ठेवलेली घड्याळं. ती नसती तर डोंगरावरचे दोन दिवस ही नुसती सहल झाली असती.

वेळ मोजायची तर घरातल्या विजेच्या बोर्डातही मोजता येते, फक्त तिथं थेट हात न घालता नऊ व्होल्टच्या लहान ट्रान्सफॉर्मरमधून. ५० हर्ट्झ ही विजेची लय. डिसेंबर २०१३ च्या अखेरीस रायचूर-सोलापूर वाहिनीनं दक्षिणेचं जाळं जोडलं गेलं, तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच लय चालते. सेनगावच्या शेतातल्या मोटारीची आणि दिल्लीतल्या मेट्रोची लय एकच. मागणी वाढली की ती ५० च्या खाली झुकते, कमी झाली की वर चढते. ५ एप्रिल २०२० च्या रात्री ९ वाजता देशानं नऊ मिनिटं दिवे मालवले तेव्हा मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटनं घसरली, आणि वारंवारिता ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झ यांच्यामध्ये हलली. कोट्यवधी लोकांनी एका क्षणी बटण दाबलं, आणि त्याची रेघ देशातल्या प्रत्येक घराच्या बोर्डात उमटली. हिंगोलीतल्या एखाद्या मुलानं त्या रात्री वही उघडी ठेवली असती तर ती रेघ त्याची झाली असती.

आमच्या जिल्ह्याला वेळेच्या फरकाशी आणखी एक नातं आहे, आणि ते भीतीचं आहे. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात वर्षानुवर्षं जमिनीतून आवाज येतात. गुडगुड होते, भांडी वाजतात, माणसं घराबाहेर धावतात. किल्लारीच्या भूकंपाची आठवण मराठवाड्यात अजून ताजी आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. त्यामुळं इथं कुणी "गूढ आवाज" म्हटलं की घराघरात जीव खालीवर होतो. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, १० जुलैला सव्वासातच्या सुमारास पुन्हा तेवढाच. हिंगोली, नांदेड, परभणी, तिन्ही जिल्हे हादरले.

हे धक्के नेमके कुठं झाले हे कसं कळतं? वेळेच्या फरकावरूनच. भूकंपातून दोन लहरी निघतात. पहिली खडकातून सेकंदाला सहाएक किलोमीटर पळते, दुसरी साडेतीन. गावातली माणसं सांगतात "आधी आवाज आला, मग हललं", ते याच दोघींचं वर्णन आहे. दोघींत जितक्या सेकंदांचं अंतर, त्याला आठनं गुणलं की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते साधारण कळतं. हा हिशोब एकट्या केंद्राला जमतो, त्याचं घड्याळ चुकीचं असलं तरी, कारण दोन्ही नोंदी त्याच घड्याळावरच्या आहेत. पण दिशा पाहिजे तर दोन-तीन केंद्रांच्या वेळा एकमेकांना लावाव्या लागतात आणि तिथं घड्याळ खरं असावं लागतं. एका केंद्राचं घड्याळ एक सेकंद चुकलं तर त्याच्या बाजूनं धक्का सहा किलोमीटर सरकतो. आमच्याकडं सहा किलोमीटर म्हणजे दुसरं गाव, दुसरी ग्रामपंचायत. धक्क्याखालचं गाव कुठलं आणि शेजारचं कुठलं, हे त्या सेकंदावर अवलंबून असतं. लायगो जे कृष्णविवरांबाबत करतं, तेच भूकंपमापक पांगऱ्याच्या बाबतीत करतात. अशी लहान भूकंपमापकं आता हौशी लोकही घरी चालवतात. आमच्या जिल्ह्यातल्या शाळांत ती असावीत, एकाच वेळेला बांधलेली, असं मला फार वाटतं. भीती आकड्यांनी जात नाही, पण रात्री धक्का बसल्यावर सकाळी अफवेऐवजी आकडा हाती असेल.

हळदीच्या मोंढ्यात फरक मांडण्याचं हे शहाणपण आहेच. वसमतला, हिंगोलीला हळद विकायला आलेला शेतकरी पोतं काट्यावर चढवण्याआधी गावातल्या काट्यावर तोलून आलेला असतो. एका काट्यावर त्याचा विश्वास नसतो, फरकावर असतो.

लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळानं फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली, पूर्ण मंजुरी ६ एप्रिल २०२३ ला, खर्च २,६०० कोटी. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र आणि मुंबईचं अणुऊर्जा खात्याचं बांधकाम संचालनालय अशा चार संस्था मिळून ती वेधशाळा उभी करणार आहेत. २०३० च्या सुमारास ती चालू व्हावी अशी अपेक्षा. आयुकामध्ये संजीव धुरंधरांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गोंगाटातून लहरीची खूण शोधण्याचं गणित १९९० च्या सुमारासच मांडलं होतं, कुठं काही मिळण्याच्या पंचवीस वर्षं आधी. आणि नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना स्पंदकांचे ठोके मोजत आल्या आहेत. जून २०२३ मध्ये त्या मोजणीतून भारतीय आणि युरोपीय गटांनी फार संथ गुरुत्वीय लहरींचा पुरावा मांडला. तिथं घड्याळं आहेत मेलेले तारे, आणि पुरावा आहे त्यांच्या टोल्यांत पडलेला फरक.

अण्णा गेले तेव्हा ती लाल वही माझ्याकडं आली. शेवटच्या पानावर फरक चार मिनिटांच्या वर गेलेला होता, तरी त्यांनी घड्याळाला हात लावला नव्हता.

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या ३ तारखेला मी तीच वही घेऊन औंढ्याला गेलो. गावाबाहेर एका मित्राच्या सारवलेल्या अंगणात शंकू उभा केला. बारा अंगुळांचा, जुन्या ग्रंथांत सांगितलेला तसाच, ओळंब्यानं सरळ केलेला. भोवती वर्तुळ आखलं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवलं ती वेळ घेतली, दुपारी पुन्हा शिवलं ती घेतली. दोहोंचा मध्य म्हणजे सूर्य माथ्यावर यायची वेळ. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, औंढा ७७ अंशांच्या जरासं पुढं, म्हणून इथला मध्यान्ह सरासरीनं २२ मिनिटं उशिरा. पण नोव्हेंबरात सूर्य सुमारे साडेसोळा मिनिटं लवकर येतो, त्यामुळं हिशोबानं वेळ येत होती १२ वाजून ५ मिनिटं २५ सेकंदांच्या जवळपास.

सावलीची कड पुसट असते. सूर्याचं बिंब स्वतःच्याच रुंदीइतकं सरकायला दोन मिनिटं घेतं, तेवढा तो पुसटपणा. मित्राची सहावीतली मुलगी खिळ्यानं खूण करत होती आणि दोन्ही वेळा तिनं "आता" म्हटलं तेव्हाच मी बटण दाबलं, माझ्या डोळ्यांवर विसंबलो नाही. मध्य निघाला १२ वाजून ५ मिनिटं ५१ सेकंद. तिनं विचारलं, "काका, चुकलं का मग?" मी तिला लाल वही उघडून दिली. तिनं तारीख घातली, रेघ मारली आणि लिहिलं: २६ सेकंद मागं.